गिअर आधी, मोटार मागून

सडक अर्जुनीला रणगाड्याचं काही काम नाही. धानाच्या बांध्या, मामा तलाव, मागे जंगल आणि पुढे महामार्ग एवढ्या भांडवलावर आमचं बरं चाललेलं असतं. या महामार्गावरून, म्हणजे जुन्या लोकांच्या सहा नंबरवरून आणि सरकारच्या आताच्या ५३ नंबरवरून, अधूनमधून ताडपत्रीत गुंडाळलेलं एखादं धूड ट्रेलरवर बसून रायपूरकडे जातं. कोहमाऱ्याच्या टपरीवरची मंडळी ते रणगाडा म्हणून जाहीर करून टाकतात. बहुतेकदा तो वीजकेंद्राचा ट्रान्सफॉर्मर असतो. पण ट्रान्सफॉर्मर म्हटलं की चहा एका घोटात संपतो, आणि रणगाडा म्हटलं की दुसरा मागवावा लागतो.

खरा रणगाडा, म्हणजे खोटाच पण चालणारा, माझ्या माहितीत गावात एक आहे आणि तो आमच्या घरी आहे. माझा भाचा गोंदियाला तंत्रनिकेतनात शिकतो. त्याने चिनी बनावटीचा, रिमोटवर चालणारा जर्मन ‘टायगर’ मागवला. मूळ रणगाड्याच्या एक सोळांश आकाराचा, हातभर लांब. तोफ वरखाली होते, बुरूज फिरतो, पोटातल्या स्पीकरमधून इंजिनाची घरघर ऐकू येते. नवेगाव-नागझिऱ्याच्या शेजारी राहणाऱ्या माणसाने या यंत्राचं नाव मोठ्याने घेऊ नये. २०१३ साली इथे व्याघ्र प्रकल्प झाला, तेव्हापासून तर मुळीच घेऊ नये. भाच्याने मित्राला लांबून हाक मारली, "अरे, टायगर बांधीत फसला!" आणि बघता बघता धुऱ्यावर मोबाइल उंचावलेली माणसं गोळा झाली. एक जण वनखात्याचा नंबर शोधत होता. चिखलात रुतलेलं ते हातभर लांबीचं प्लॅस्टिक बघून सगळे हिरमुसले. वाघ नाही याचं दुःख आणि वाघ नाही याचं समाधान एकाच चेहऱ्यावर कसं मावतं ते मला त्या दिवशी दिसलं.

पण या रणगाड्याचं खरं दुखणं बांधीत सुरू झालं नाही. ते तान्ह्या पोळ्याला सुरू झालं.

विदर्भाबाहेरच्या वाचकांसाठी सांगतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे मुलांचा पोळा भरतो. लाकडी नंदीबैलाला चाकं लावलेली असतात. त्याला सजवून, दोरीने ओढत मुलं घरोघर जातात आणि बोजारा, म्हणजे खाऊ-पैसे, गोळा करतात. नागपूरच्या दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी १८०६ साली ही प्रथा सुरू केली असं सांगतात. आमच्या घरातला नंदी माझ्या वडिलांच्या लहानपणचा, अस्सल सागवानी, पाच-सहा किलोंचा. भाच्याच्या डोक्यात आलं की दोरी मुलाने का धरायची? रणगाड्याने धरावी. बुरुजाला तोरण बांधलं, तोफेवर बेगड चढवली, शेजारच्या आजींनी नंदीबरोबर रणगाड्यालाही हळदकुंकू वाहिलं. भाच्याने कळ पुढे ढकलली. घरघर झाली, धूर निघाला (तो नकली धूर, तेवढी सोय त्यात असते), नंदी वीतभर सरकला आणि पोटातून ‘कर्र’ असा आवाज आला. मग स्पीकरमधलं इंजिन तेवढं जोरात चालत राहिलं. रणगाडा जागच्या जागी होता. बोजारा मात्र मिळाला, आणि तोही नेहमीपेक्षा जास्त. लोकांना चालणाऱ्या यंत्रापेक्षा बंद पडलेलं यंत्र बघायला जास्त आवडतं, असा माझा जुना संशय आहे.

खोलून बघितलं तर मधल्या प्लॅस्टिक गिअरचे दात साफ झाले होते.

अशा रणगाड्यात दोन मोटारी असतात. एक डाव्या पट्ट्याला, एक उजव्या. स्टिअरिंग नसतंच; एक पट्टा थांबवला की गाडी त्या बाजूला वळते, एक पुढे आणि एक मागे फिरवला की जागच्या जागी गरगर फिरते. मोटार सुमारे चार सेंटीमीटर लांबीची, ‘३८०’ या नावाने विकली जाणारी. मोकळी सोडली तर मिनिटाला पंधरा हजारांच्या आसपास फेरे मारते. आता मूळ टायगरचा सडकेवरचा वेग ताशी ४० किलोमीटर धरा. त्याला १६ ने भागलं की अडीच किलोमीटर उरतात, म्हणजे जेवणानंतर शतपावली करणाऱ्या माणसाहूनही कमी. एवढ्या वेगासाठी पट्टा ओढणारं दातेरी चाक मिनिटाला अडीचशे वेळा फिरलं तरी पुरे. म्हणजे पंधरा हजाराचे अडीचशे करायचे. मधले गिअर हे साठपट मंदावण्याचं काम करतात, आणि वेग जेवढ्या पटीने घटतो जवळजवळ तेवढ्या पटीने ओढ वाढते. घर्षण आपला वाटा मध्येच काढून घेतं, तो सोडून. मोटारीत ताकद असते ती अशी उतावळी. तिला कामाला लावतात ते गिअर.

आमचे शेजारी, ज्यांना सगळं गाव बाबाजी म्हणतं, त्यांनी हे सगळं ऐकून भाच्याला विचारलं, "बाबू, तुले वझं वढाचं हाय का पट जिकाचा हाय?" शंकरपटाचा, म्हणजे शर्यतीचा, बैल आणि चिखलणीचा हल्या, म्हणजे रेडा, यांतला फरक झाडीपट्टीत पोरांनाही कळतो. पटाच्या बैलाला कोणी रोवणीच्या गाळात घालत नाही आणि हल्याला कोणी पटावर नेत नाही, दोघांच्या अंगात जोर असला तरी. चिनी कारखान्याने आमच्या रणगाड्यात पटाचा बैल जुंपला होता, कारण खेळणं विकत घेणाऱ्या पोराला दुकानात ते धावताना बघायचं असतं.

भाच्याने पोलादी गिअर मागवले. पार्सल आलं, डबी उघडली. ते इवलेसे चकचकीत दात बघून मलाही हात लावावासा वाटला. बसवताना एक युक्ती करावी लागते, ती मला फार आवडली. मोटारीच्या दांडीवरचा छोटा गिअर म्हणजे पिनियन. तो आणि मोठा गिअर एकमेकांना घट्ट चिकटवायचे नाहीत, सैलही सोडायचे नाहीत. दोघांच्या दातांमध्ये कागदाची एक पट्टी घालायची, दाबायचं, स्क्रू आवळायचा आणि मग गिअर फिरवून कागद बाहेर काढायचा. उरते ती नेमकी फट. आमच्याकडे त्या कामी गेल्या महिन्याचं कालनिर्णय आलं. एकादशीच्या जाडीइतकं अंतर.

आता दात तुटेनात. पण पट्टे घसरू लागले. चार किलोंचा रणगाडा सारवलेल्या अंगणात सहा किलोंचा नंदी ओढणार कसा? पट्ट्याची पकड शेवटी वजनावर असते. हिशेबाने बघितलं तर गंमत आहे. लांबी सोळापट कमी झाली की वजन सोळा गुणिले सोळा गुणिले सोळा, म्हणजे ४०९६ पटीने कमी व्हायला हवं. मूळ टायगर ५७ टनांचा. त्याला ४०९६ ने भागा, चौदा किलो येतात. म्हणजे आमचा रणगाडा प्रमाणात बघितला तर पुठ्ठ्याचाच. भाच्याने वेल्डिंगच्या दुकानातून लोखंडी पट्ट्या आणून पोटात बसवल्या. पकड आली. मग मोटार तापली.

थांबलेली मोटार का जळते हे उन्हाळी धान घेणाऱ्या कोणत्याही कास्तकाराला विचारावं. पंपाच्या मोटारीला दाब कमी मिळाला की ती हुंहुं करत बसते, फिरत नाही, वीज मात्र पीत राहते, आणि सकाळी वायंडिंगच्या दुकानात रांग लागते. खेळण्यातली मोटार वेगळ्या जातीची असली तरी तिथेही तेच घडतं. फिरणारी मोटार स्वतःच आतून उलटा दाब तयार करते आणि त्यामुळे बॅटरीतून येणारा प्रवाह आवरला जातो. तिला अडवून धरलं की तो उलटा दाब नाहीसा होतो आणि सगळा प्रवाह तारेची उष्णता करण्यात खर्च होतो. प्लॅस्टिकचा गिअर होता तोवर तो आधी तुटायचा आणि मोटार वाचायची. गिअर पोलादी केला, मग मरायची पाळी मोटारीची. बाबाजींनी लांबूनच वास घेतला आणि निदान केलं, "जरली."

मग जास्त दणकट मोटारी आल्या. त्यांना जास्त प्रवाह लागतो. तो पुरवता पुरवता आतल्या सर्किटवरचा मोटार चालवणारा भाग गेला. ते बदललं तर पट्ट्याची कडी निसटली. एवढ्यात भाच्याच्या आईने, म्हणजे माझ्या बहिणीने, फोनवर एकच प्रश्न विचारला, "नंदी हाताने ओढायला काय झालं?" याला तंत्रनिकेतनाच्या अभ्यासक्रमात उत्तर नाही.

भाच्याला हसण्याआधी आपण मोठ्या माणसांकडे बघावं. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी ‘पँथर’ नावाचा रणगाडा आखला. मुळात तो तिशीतल्या टनांचा व्हायचा होता. चिलखत जाड करा म्हणून वरून हुकूम आले आणि वजन ४५ टनांच्या घरात गेलं. इंजिन दमदार होतं. पण पट्ट्याजवळचे शेवटचे गिअर मूळ हिशेबाने केलेले. युद्धानंतर फ्रेंचांनी हे रणगाडे वापरून बघितले. १९४७ च्या त्यांच्या अहवालात या गिअरचं सरासरी आयुष्य १५० किलोमीटर दिलं आहे. सडक अर्जुनीहून निघाला असता तर नागपूर गाठेपर्यंत तो टेकीला आला असता. टायगरचे दुसरे इच्छुक शिल्पकार फर्डिनांड पोर्शे यांनी तर गिअरची कटकटच नको म्हणून पेट्रोल इंजिनावर जनित्र फिरवायचं आणि त्या विजेवर मोटारी चालवायच्या असा घाट घातला होता. तो काही पसंत पडला नाही. आज त्यांनी आमच्या अंगणात वीज खाऊन चालणारा टायगर बघितला असता तर मिशीतल्या मिशीत हसले असते, ‘कर्र’ ऐकू येईपर्यंत.

आपला ‘अर्जुन’ घ्या. पहिली आवृत्ती साडेअठ्ठावन्न टनांची. फेब्रुवारी २०२१ मध्ये चेन्नईत जी सुधारलेली आवृत्ती लष्कराकडे सुपूर्द झाली ती सुमारे ६८ टनांची. इंजिन तेच, १४०० अश्वशक्तीचं, जर्मन घराण्यातलं. जवळजवळ दहा टन वजन वाढलं आणि घोडे तेवढेच राहिले. संरक्षणतज्ज्ञ यावर काय म्हणतात ते म्हणोत. लोखंडी पट्ट्या पोटात घालणाऱ्या आमच्या भाच्याला मात्र ही बातमी वाचून मोठा धीर आला.

अहिल्यानगरला १९९४ साली सुरू झालेलं रणगाड्यांचं संग्रहालय आहे. तिथे भाच्याला घेऊन गेलो होतो. इतर पोरं तोफेपुढे उभी राहून फोटो काढत होती आणि हा प्रत्येक रणगाड्याच्या कुशीला उकिडवा बसून दातेरी चाक पुढे आहे की मागे ते बघत होता. १९६५ च्या लढाईत पाकिस्तानकडून हाती लागलेला पॅटन रणगाडा तिथे आहे. त्या वर्षी सप्टेंबरात खेमकरणजवळ असल उत्तरला आपल्या सैन्याने शेतात पाणी सोडून ठेवलं होतं. उसातून दिमाखात आलेले पॅटन त्या गाळात मंदावले, रुतले आणि टिपले गेले. घरी येऊन मी हे बाबाजींना सांगितलं. त्यांना जराही आश्चर्य वाटलं नाही. पाण्याने भरलेल्या बांधीत काय चालतं आणि काय फसतं हे सांगायला त्यांच्या मते परदेशी रणगाड्याची गरज नव्हती.

आणि ते खरंच आहे, कारण रणगाड्याचा पट्टा मुळात शेतातून आला. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या स्टॉक्टनजवळ नदीकाठची जमीन इतकी भुसभुशीत होती की वाफेचे ट्रॅक्टर त्यात बुडत. बेंजामिन होल्ट यांनी १९०४ साली चाकं काढून पट्टे लावले आणि ट्रॅक्टर वर राहिला. तोफा ओढायला हे ट्रॅक्टर पहिल्या महायुद्धात गेले, तिथे त्यांना बघून काही जणांच्या डोक्यात चक्रं फिरली, आणि १५ सप्टेंबर १९१६ रोजी सोमच्या लढाईत पहिले ब्रिटिश रणगाडे चिखलातून चालत आले. अठ्ठावीस टनांचं धूड, १०५ अश्वशक्तीचं इंजिन, वेग ताशी सहा किलोमीटर. आत आठ माणसं. त्यातली चार नुसती गाडी चालवण्यात गुंतलेली, आणि त्या चारांतले दोघे फक्त गिअर बदलायला. आवाज इतका की शब्द ऐकू येत नसे. मग पुढच्याने इंजिनाच्या पत्र्यावर पाना आपटून खूण करायची आणि मागच्या दोघांनी आपापल्या बाजूचा गिअर टाकायचा. रणगाड्याच्या इतिहासात तोफ चालवणाऱ्यांची नावं पुढे आली. गिअर टाकणाऱ्या त्या दोघांविषयी मला जास्त माया वाटते.

आमच्याकडे रोवणीच्या दिवसांत हे सगळं घरबसल्या बघायला मिळतं. बांधीत पाणी भरलेलं असतं, ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांना लोखंडी केजव्हील लावलेली असतात, आणि ड्रायव्हर खालच्या गिअरमध्ये, जराही घाई न करता, गाळाचं लोणी करत फिरत असतो. नेहमीच्या ट्रॅक्टरला आठ गिअर पुढचे आणि दोन मागचे. टायगरला आठ पुढचे आणि चार मागचे. हे ऐकल्यावर बाबाजींनी विचारलं, "मांगं जावाचे दोन जास्त कायले?" भाचा गोंधळला. मी म्हटलं, बाबाजी, तो लढाईला जातो. त्यांना पटलं.

शेवटी भाच्याने जे केलं ते मला त्याच्या सगळ्या सुधारणांत शहाणपणाचं वाटलं. त्याने नवीन मोटारी ठेवल्या, पण गिअरपेटी बदलली. दातांचं प्रमाण असं निवडलं की रणगाडा आधीच्या निम्म्या वेगाने चालेल. त्याच्या मित्रांना हे कळेना. इतके पैसे घालून गाडी हळू करून घेतली? पण ती आता रणगाड्यासारखी दिसू लागली. पूर्वी ती अंगणातून झुरळासारखी सटकायची. आता तिचं एक एक चाक दगडावर चढताना दिसतं, पुढचा भाग उचलला जातो, क्षणभर थांबतो, मग सावकाश खाली बसतो. वजन नसलेल्या वस्तूला गिअरमुळे वजन आलं. वळतानाही आता ती अडखळत नाही. वळणं हेच या यंत्राला सगळ्यात जड जातं, कारण तेव्हा अख्खा पट्टा जमिनीवरून आडवा घासत न्यावा लागतो. दात तुटायचे, मोटारी तापायच्या त्या बहुधा वळणावरच.

नंदी जोडून बघायची वेळ आली तेव्हा बाबाजी काठी टेकत आले. त्यांनी रणगाड्याकडे बघितलंच नाही. नंदीला उलटा करून चाकं बोटाने फिरवली. ती फिरेनात. "नंदीच्या चाकाले वंगन कोनी लावलं का?" त्यांनी विचारलं. कोणीच लावलं नव्हतं, बहुधा वडिलांच्या लहानपणापासून. लाकडी आस, लाकडी चाक आणि मध्ये इतक्या वर्षांची धूळ. बाबाजींनी बंडीचं वंगण आणून चारही चाकांना लावलं, आणि नंदी नुसत्या बोटाच्या धक्क्याने ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेला. भाच्याने काही क्षण पोलादी गिअरच्या रिकाम्या डबीकडे बघितलं. मग दोघांनी मिळून रणगाडा जोडला आणि तो नंदीला घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आला. जुने प्लॅस्टिकचे गिअर असते तरी गेला असता, असं मी म्हणणार होतो. बहिणीचा फोन यायचा होता म्हणून गप्प बसलो.

कोणाला असा रणगाडा घ्यायचाच असेल, तर आधी ओढायचं काय आहे ते तपासा आणि त्याच्या चाकांना वंगण लावा. मग गिअर बदला, मोटारीला शेवटी हात लावा. गिअरना पांढरं लिथियम ग्रीस लावायचं, तेही बोटाच्या टोकावर राहील एवढंच. ट्रॅक्टरचं काळं ग्रीस थापू नका, त्यात धूळ बसते आणि ती दात खाते. पट्टे किंचित सैल ठेवा. आणि रोवणी चालू असताना तो बांधीत उतरवू नका. तिथे ट्रॅक्टरसुद्धा केजव्हील लावल्याशिवाय उतरत नाही.